तिसरं झाड

अंगणवाडीच्या भिंतीवर चार झाडं काढायची होती,
चार ऋतूंची. झाडे मॅडमनी मोबाइल पुढे केला.
तिसरं झाड नारिंगी, पान हाताच्या पंज्यासारखं.
"हे ऑटम," म्हणाल्या, "म्हणजे शरद. असंच्या असं काढा."

मी अठ्ठावीस वर्षं ट्रॉल्या रंगवतो आहे,
मागच्या फळीवर मोर, धबधबा, मालकाच्या पोरीचं नाव,
पण असं पान
आर्णीपासून पांढरकवड्यापर्यंत एकाही फांदीवर पाहिलं नाही.
मॅडमना तसं म्हटलं नाही. आडनाव झाडे असलं
म्हणून सगळी झाडं ओळखावीत असा काही कायदा नाही.

शेडकार्ड उघडलं. ऑटम गोल्ड नावाचा चौकोन होता,
काड्यापेटीएवढा. भाचा प्रज्वल म्हणाला,
मामा, ही तर हळदीच्या कार्यक्रमाची साडी.

मग दोन दिवस ब्रश न धरता फिरलो.

सकाळी कुटाराच्या ढिगाजवळ उभा राहिलो.
सोयाबीन घरी गेलेलं, मागे राहिलेला तो रंग
दवात मातकट, दहा वाजता बिस्किटासारखा,
आणि पाय घातला की आतून वाफ.
वाफेला काय द्यावं ते सुचलं नाही.
तुरीचं फूल उलटं करून पाहिलं:
पुढून पिवळं, पाठीवर तांबड्या रेघा,
जणू कुणी घाईत ब्रश पुसला आणि जेवायला गेला.
अंबाडीचा देठ.
अडाणचं पाणी, जे पोळ्याला चहासारखं होतं
आणि आता बाटलीच्या काचेसारखं.
सागाची पानं किड्यांनी चाळून ठेवलेली,
रंग कमी, भोकं जास्त.

पांढऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.
सीतादहीच्या दिवशी फुटलेलं बोंड वेगळं,
गादीतून निघालेली मागच्या सालची कवडी वेगळी,
आणि डब्यातला सुपर व्हाइट या दोघांच्याही गावचा नाही.
त्यात चिमूटभर पिवळी माती घातली, जराशी राख,
मग प्रज्वलच्या हातून चहाचे दोन थेंब सांडले.
ते बरोबर बसले.

तिसरं झाड म्हणून पऱ्हाटी काढली,
भिंतभर उंच, पोरांना सावली पडेल एवढी.
पानांना लाल हवा होता. तो सापडला धुऱ्यापलीकडे,
आत्रामांच्या वावरात: शिरा हिरव्या,
मधलं अंग जांभळट लाल,
ऊन मागून आलं की आकाशकंदिलाचा कागद.
दगडावर बसून तिथल्या तिथे कालवला.
रेड ऑक्साइड, नखाएवढा जांभळा, पुन्हा ऑक्साइड.
एवढा चांगला लाल माझ्या हातून कधी झाला नव्हता.
मॅडम म्हणाल्या, "हेच ते! ऑटम!"
आणि फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवला.

दुपारी मैनाबाई आत्राम नातीला न्यायला आली.
चपला उंबऱ्यापाशी काढल्या, भिंतीशी गेली,
पान उलटून पाहावं तसं कडेला नख लावलं.
ओला रंग बोटाला आला.
"कधी आला हा लाल्या, पेंटर?"
मी तोंड उघडायच्या आत:
"मॅग्नेशियम मारून पाह्यलं?
आमी मारलं. दोनदा मारलं."
नात पदर ओढत होती.
मैनाबाई खालपासून पानं मोजत होती.

संध्याकाळी लालावर हिरवा चढवला.
एक हात. दुसरा. रात्री टॉर्च धरून तिसरा.
तरी चारच्या उन्हात
शिरांच्या मधून तो वर येतोच.
मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत.

मैनाबाई जाता-येता थांबते भिंतीशी.
परवा म्हणाली,
"उतरला बाप्पा, थोडा."